मार्गशीर्षातली टर्की

घरात पाऊल टाकल्या टाकल्या धाकटीने माझ्या ओव्हनचं दार उघडलं. अंगातला कोट अजून निघाला नव्हता, चहाचं आधण ठेवायचं होतं, आणि ही आत वाकून म्हणते, "ताई, केवढासा आहे गं हा. यात टर्की बसणार कशी?"

"इतकी वर्षं आमचं यातच भागतंय," मी म्हटलं. "अजून कुणी उपाशी राहिलेलं नाही."

ती हसली. तिला वाटलं मी गंमत करतेय.

धाकटी न्यू जर्सीला असते आणि मी ॲथलोनला. हे गाव आयर्लंडच्या बरोबर पोटात आहे. थँक्सगिव्हिंग, म्हणजे अमेरिकेतला नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचा आभार मानायचा सण, इथे नसतो. तो गुरुवार ऑफिसचा, शाळेचा, साधा गुरुवार असतो आणि टर्की लोकांना ख्रिसमसला आठवते. पण तिच्याकडे त्या आठवड्यात सुट्टी असते, आणि या वर्षी आई माझ्याकडे होती. तेव्हा नवऱ्याला त्याच्या भावाकडे टेक्ससला पाठवून ही एकटी इकडे आली, आणि येताना आपला सणही घेऊन आली.

कशाला आली ते तिने फोनवरच सांगितलं होतं. तिला आईला घेऊन जायचं होतं. कायमचं. बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. आई पुण्याच्या फ्लॅटमध्ये एकटीच्या जिवाला काहीतरी करून खायची, कधी नाहीच करायची. ऑक्टोबरात मी तिला इकडे आणलं, पण इकडचा व्हिसा तीन महिन्यांचा. त्यापुढे आईवडिलांना इथे ठेवून घेणं किती अवघड आहे हे इथल्या प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. आमच्या डॉक्टर मंडळींच्या पार्ट्यांमध्ये दोन विषय असतात, घरभाडं आणि हा. धाकटी अमेरिकन नागरिक आहे. ती आईचे कागद करू शकते, आणि तिथे जाण्यायेण्याचा व्हिसा आईकडे आधीपासून आहे. मी करू शकत नाही.

"गुरुवारी टेबलावर सगळ्यांसमोर विचारते तिला," ती म्हणाली होती. "मग ती नाही म्हणणार नाही."

मला आई जायला नको होती. आणि खरं सांगायचं तर, तिच्याकडे जायला तर मुळीच नको होती. जानेवारीत पुण्याला परत गेली असती तर मी रडले असते, पण जळले नसते.

संध्याकाळी धाकटीची बॅग उघडली. आत भोपळ्याच्या गराचे डबे, मक्याच्या ब्रेडचं पीठ, तळलेल्या कांद्याचे डबे, मार्शमॅलो. आई पलंगावर पाय घेऊन बसली होती आणि एकेक डबा हातात घेऊन चष्म्याखालून वाचत होती. "छान असतो बरं का हा भोपळा," ती मला म्हणाली. "एकदम घट्ट." दोनच आठवड्यांपूर्वी मी शनिवारच्या बाजारातून लाल भोपळा शोधून आणला होता, घारगे करू म्हणून. तो चिरतानाच आई म्हणाली होती, "पाणचट आहे गं. कुठून आणतेस असलं?" नावडतीचं मीठ अळणी म्हणतात. इथे नावडतीचा भोपळाही पाणचट.

माझी लेक पंधरा वर्षांची आहे. तिला मराठी सगळं कळतं आणि ती उत्तर देते ते ॲथलोनच्या इंग्रजीत. माझ्या सांगण्यावरून तिने आजवर कप उचलून सिंकमध्ये ठेवलेला नाही. ती मावशीसाठी पळत होती. "इट्स इन द प्रेस, मावशी," "आय'ल गेट इट, मावशी." प्रेस म्हणजे काय हे मावशीला कळेना, तेव्हा कपाटाला इथे प्रेस म्हणतात हे सांगताना दोघी ओट्याला टेकून हसत होत्या. मला हा शब्द कुणी समजावून सांगितला नव्हता. मी आले तेव्हा शेजारणीने प्रेस म्हटल्यावर मी इस्त्री शोधली होती, आणि माझ्याबरोबर हसायला कुणी नव्हतं.

रविवारी बेत ठरवायला बसलो. टर्की, तिच्या पोटात भरायचं पावाचं सारण, कुस्करलेला बटाटा, रताळी, क्रॅनबेरीची चटणी, 'पाय' म्हणतात तो भोपळ्याचा गोड पदार्थ. धाकटी सांगत होती आणि लेक फोनवर टिपून घेत होती. शेवटी मी म्हटलं, "पण हे गुरुवारीच येतं ना? आई गुरुवारी खात नाही."

"माझ्याकडे खाते की," धाकटी म्हणाली. "जेव्हा जेव्हा आलीय तेव्हा खाल्लंय. आवडतं तिला."

आई तेव्हा बाथरूममध्ये होती. नाकाला मिरच्या झोंबल्या म्हणतात ते काय असतं ते मला कळलं.

आमचं घर मूळचं साताऱ्याकडचं. मटणाशिवाय रविवार नाही, आणि बुधवारी निदान अंडी. पण गुरुवार म्हणजे गुरुवार. आई दिवसभर उपास करते, संध्याकाळी पूजा करून वरणभातावर सोडते, आणि त्या दिवशी ती मांसाला शिवत नाही. लेकीचा दहावा वाढदिवस गुरुवारी आला. मी दोन दिवस खपून चिकन बिर्याणी केली, आणि आई तेव्हा इथेच होती. "एक दिवस चालेल गं, नातीचा वाढदिवस आहे," मी म्हटलं. आईने माझ्याकडे नुसतं पाहिलं, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून दहीभात खाल्ला. माझ्यासाठी, माझ्या मुलीसाठी एक गुरुवार मोडला नाही तिने. आणि न्यू जर्सीला ती टर्की खाते.

आईला विचारावं असं दहा वेळा मनात आलं. विचारलं नाही. ती "हो" म्हणाली असती तर मी काय करणार होते?

त्याच संध्याकाळी चहाची पावडर काढायला मी प्रेसचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला आईने पुण्याहून आणलेली दिनदर्शिका लटकते, तिची तीच जागा आहे. नजर सहज गेली. येणारा गुरुवार हा मार्गशीर्षातला पहिला गुरुवार होता.

साधा गुरुवार वेगळा आणि हा वेगळा. मार्गशीर्षात आमच्याकडे महिनाभर घरातल्या बायका मांसमच्छी खात नाहीत, आणि गुरुवारी महालक्ष्मीचा कलश मांडून, कहाणी वाचून, गोडाचा नैवेद्य दाखवून मगच तोंडात घास घालतात. मी इकडे आल्यापासून यातलं काही करत नाही. धाकटीला तर मार्गशीर्ष कधी येतो आणि कधी जातो याचा पत्ता नसतो. तिच्या थँक्सगिव्हिंगच्या वेळी तो बहुधा लागलेलाच नसतो. आई मात्र एकही चुकवत नाही. तिने शनिवारीच मला नारळ आणायला सांगितला होता, आणि मी कशाला म्हणून विचारलंही नव्हतं.

मी दार लावलं आणि मूग गिळून गप्प बसले. मुद्दाम. धाकटीला सांगितलं असतं तर तिने जेवण शुक्रवारवर ढकललं असतं, आईने शुक्रवारी... नाही, महिनाभर चालत नाही, पण काहीतरी तोडगा निघाला असता. मला तोडगा नको होता. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी, घरात कलश असताना, तिच्या हातची टर्की आई खाते का, ते मला बघायचं होतं. खाल्ली तर आई तिचीच, विषय संपला.

सोमवारी आम्ही दोघी खाटकाकडे गेलो. "ख्रिसमसला अजून महिना आहे की," तो म्हणाला. धाकटीने त्याला सगळी हकिगत सांगितली: आई, अमेरिका, सुट्टी. तो ऐकत राहिला, म्हणाला, "ग्रँड, बघतो," आणि मागच्या फ्रीझरमधून गेल्या मोसमातला एक गोठलेला पक्षी काढून आणला. माझा ओव्हन लहान आहे हेही तिने त्याला सांगितलं. त्याने तंगड्या वेगळ्या करून दिल्या. गाडीत टर्की मांडीवर घेऊन ती खुशीत होती. तेव्हाही मला सांगता आलं असतं. मी वायपर लावले आणि पावसाबद्दल बोलले.

गुरुवारी मी रजा घेतली. आई लवकर न्हाली आणि कुणाला न सांगता बाहेर गेली. मी खिडकीतून पाहिलं तर साडी, त्यावर माझ्या नवऱ्याचा रेनकोट, मोज्यांवर चपला अशी ती शेजारणीच्या कुंपणाशी उभी. कलशाला पाच झाडांची पानं लागतात. शेजारीण तिला कात्रीने कापून देत होती आणि दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या. आई पानं घेऊन आत आली आणि म्हणाली, "तिचा गुडघा दुखतोय. तुझ्या नवऱ्याला सांग बघायला."

हॉलच्या कोपऱ्यात पाटावर कलश मांडला गेला. धाकटीने फोटो काढला, "किती गोड," म्हणाली, आणि टर्कीकडे वळली. तिला काही लक्षात आलं नाही.

स्वयंपाकघराचे दोन भाग झाले. एका बाजूला धाकटी कातडीखाली लोणी चोळतेय, दुसऱ्या बाजूला आई शेवयांची खीर ढवळतेय. आईने खिरीचं पातेलं मागच्या शेगडीवर सरकवलं आणि वर ताट झाकलं, एवढंच. मी पुऱ्यांची कणीक मळत तिच्या तोंडाकडे बघत होते. ती वैतागेल, काही बोलेल, असं वाटत होतं. उलट थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आतून आलं-लसूण लावलंस का? नुसत्या लोण्याने काय चव येणार आहे?"

धाकटीला केवढा आनंद. "बघ ताई," ती म्हणाली. "आई म्हणजे एक्सपर्ट झालीय."

माझी कणीक घट्ट झाली. मी पाणी घातलं तर सैल झाली.

संध्याकाळी आईने दिवा लावला, कहाणी वाचली, आम्हा दोघींना हळदीकुंकू लावलं, नैवेद्य दाखवला. मग सगळे टेबलाशी बसलो. नवरा भूलतज्ज्ञ आहे. सुरी त्याच्या हातात दिली तेव्हा तो म्हणाला, "याला माझी गरज दिसत नाही." लेक खो खो हसली. टर्की खरपूस झाली होती, वास घरभर होता, आणि तो वास चांगला होता हे मला आवडलं नाही.

धाकटीच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येकाने कशाबद्दल आभार मानायचे ते सांगायचं होतं. लेक म्हणाली, मावशी आली त्याबद्दल. आपल्या आईसमोर. नवरा म्हणाला, आज ऑन कॉल नाही त्याबद्दल. मी म्हटलं, सगळे एकत्र आलो त्याबद्दल, आणि पाणी प्यायले. धाकटी बाबांबद्दल बोलली. बोलता बोलता तिचा आवाज बसला, आणि त्या क्षणी मला ती फार आवडली. मग तिने टर्कीच्या छातीचा मऊ तुकडा निवडून आईच्या पानात ठेवला, वर ग्रेव्ही घातली.

"आई, आता तू. आणि माझ्याबरोबर येणार आहेस, तेही सांगून टाक."

आईने पानाकडे पाहिलं. मी आईकडे.

"हे उचल," आई म्हणाली. तिने ताट धाकटीकडे नाही, माझ्याकडे सरकवलं. "माझं वेगळं वाढ. मार्गशीर्षातला गुरुवार आहे. तुम्ही खा, तुम्हाला कुणी अडवलंय?"

धाकटी हसत होती, ते हसू तोंडावर तसंच राहिलं. "पण माझ्याकडे तर तू गुरुवारी खातेस, आई."

"तुझ्याकडे खाते."

"मग?"

"तुझ्याकडे मी पाहुणी असते," आई म्हणाली. अगदी साधेपणाने, जशी ती मीठ कुठे आहे विचारते. "पाहुण्याने पानात पडेल ते खावं. तू एवढी हौसेने वाढायचीस, तुझी माणसं बसलेली असायची, नाही कसं म्हणणार? पुण्याला गेल्यावर जादा उपास करून फेडून टाकायचे. इथे काय, इथे मी घरीच आहे."

मी उठले. पुऱ्यांवरचं झाकण काढलं, वरण गरम केलं, भाताची मूद पाडली, खिरीची वाटी भरली. माझे हात इतके हलके कधी चालले नव्हते. घरीच आहे. दहीभाताचा तो वाढदिवस, तो पाणचट भोपळा, माझ्या घरात येता जाता काढलेली प्रत्येक खोड, सगळं मला एकदम हवंहवंसं वाटायला लागलं. धाकटीचा भोपळा छान असतो, कारण पाहुण्याने यजमानाच्या भोपळ्याला नावं ठेवायची नसतात.

ताट घेऊन वळले तेव्हा धाकटी दिसली. ती आपल्या हातातल्या चमच्याकडे बघत होती. ते तोंड मी ओळखलं. आठवडाभर माझंच तसं होतं. मला तिची दया यायला हवी होती. खरं सांगते, आली नाही. मी बसले आणि टर्की खाल्ली. चांगली झाली होती. आलं-लसूण बरोबर लागलं होतं. मी दुसऱ्यांदा घेतली.

आईने जेवण संपवलं. खिरीची वाटी पुसून खाल्ली. मग धाकटीला म्हणाली, "येते मी तुझ्याबरोबर."

मी काटा खाली ठेवला.

"हिच्याकडे मी घरी असते," आई म्हणाली. "तुझ्याकडे इतक्यांदा आले आणि एकदाही घरी नव्हते. एका लेकीकडे घर आणि दुसरीकडे पाहुणचार, हे काही बरं नाही. आता येते ती घरच्यासारखी येते. गुरुवारी माझं पान मी वेगळं वाढून घेईन. तोंड पाडायचं नाही."

"नाही पाडणार," धाकटी म्हणाली, आणि रडायला लागली. माझी लेक उठून तिच्या गळ्यात पडली. आईने मला म्हटलं, "ताक आहे का गं?"

मी ताक आणायला फ्रीजकडे गेले आणि दार उघडं ठेवून उभी राहिले. जे एक वाक्य ऐकायला माझा जीव आठवडाभर टांगलेला होता ते मला मिळालं होतं, आणि त्याच वाक्याच्या पायी आई चालली होती.

शनिवारी बॅगा भरताना धाकटी स्वयंपाकघरात आली. "ताई," ती म्हणाली, "तिला घरच्यासारखं वाटावं म्हणून काय करावं लागतं? तू काय करतेस?"

मी तिला सगळं सांगितलं. नारळ शेंडीचा लागतो, पाच झाडांची पानं, सुपारी, खीर चाखायची नाही, ताक शेवटी. उशी एकच आणि तीही चपटी. ती मन लावून ऐकत होती. एक गोष्ट मी सांगितली नाही. ती तुझ्या वस्तूंना नावं ठेवायला लागली की धावत जाऊन नवी आणू नकोस, ठेवू दे तिला. हे माझ्याकडे राहू दे, असं मी ठरवलं.

विमानतळावर आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि शेजारणीच्या गुडघ्याची आठवण करून दिली.

पुढच्या गुरुवारी फोन वाजला. व्हिडिओ. धाकटीचं ते लांबरुंद स्वयंपाकघर, कोपऱ्यात पाट, पाटावर कलश. पानं कसली तरी वेगळीच, लांब लांब. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती, पदर खोचलेला. तिने वळून पाहिलं नाही. तिच्यापुढे चिरलेला भोपळा होता, डब्यातला नाही, खरा.

"कुठून आणतेस गं असलं," ती धाकटीला म्हणत होती. "पाणचट आहे नुसता."

धाकटीने फोन जवळ धरला, कॅमेऱ्यात बघून माझ्याकडे हसली. तिचे डोळे चमकत होते. मी न सांगितलेलं तिला कळलं होतं.

मागे आई अजून बोलत होती, सुरीलाही धार नाही म्हणत होती.

"आवाज येत नाहीये गं तुझा," मी म्हटलं, आणि फोन ठेवून दिला.